पाऊस सारखाच, नदी तीच, मग नुकसान आमच्याच गावाचं एवढं का?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुमचं गाव चाळीसगाव-पाचोरा पट्ट्यात नदीकाठी, समोरच्या काठावर दुसरं गाव, पूर दोघांना एकाच रात्री आला. त्यांची चार-पाच घरं पडली, तुमची चाळीसच्या वर, शिवाय ढोरं गेली ती वेगळी. गावात कोणी म्हणतं नशीब, कोणी म्हणतं धरणवाल्यांनी पाणी सोडलं, आणि बहुतेकांचं मत असं की संरक्षक भिंत झाली की प्रश्न मिटला. तुम्ही ग्रामपंचायतीत नवीन निवडून आलात आणि विचारताय की भिंत मागावी का, आणि गाव धोक्यात आहे की नाही हे ठरवायचं कसं.

मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो आणि मंडळ अधिकारी म्हणून रिटायर झालो, नोकरी सगळी जळगाव, धुळे, नंदुरबारमध्येच गेली. पूर, गारपीट, वादळ, दुष्काळ, वीज पडून मेलेली माणसं, जळालेली घरं, सगळ्याचे पंचनामे केले. म्हणजे मी इंजिनियर नाही आणि हवामानवालाही नाही, पण आपत्तीनंतर कोणाचं काय गेलं आणि कोणाचं का नाही गेलं हे घराघरात जाऊन लिहिणं हेच काम होतं, तेवढ्या भांडवलावर बोलतो. तुमचं गाव मी बघितलेलं नाही. नदीचं वळण कुठंय, गावठाण किती उंचावर, वर पाझर तलाव किती आणि कोणत्या अवस्थेत, यावर बरंच अवलंबून आहे, त्यामुळे तुमच्याकडे नेमकं काय झालं हे मी इथं बसून सांगणार नाही. कुठं बघायचं ते सांगतो.

पहिली गोष्ट, तुम्ही विचारलं की गाव धोक्यात आहे का. गाव असं अख्खं धोक्यात कधीच नसतं हो. गावातली काही घरं असतात. पुराची यादी, दुष्काळात टँकरवर अवलंबून असलेल्या घरांची यादी, वादळात पत्रे उडालेल्यांची यादी आणि स्वस्त धान्य दुकानावर कार्डासाठी भांडणाऱ्यांची यादी, या चार याद्या एकाच गावच्या घेऊन शेजारी ठेवा. मी ठेवल्यात. नावं फिरून फिरून तीच येतात. पाऊस, ऊन, वारा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी घरं तीच. मग कारण आभाळात शोधून काय उपयोग, कारण त्या घरांच्या परिस्थितीत आहे आणि ती परिस्थिती पाऊस पडायच्या कितीतरी आधी तयार झालेली असते. पूर येतो तो फक्त ती उघडी पाडतो. तुमच्या गावात चाळीस घरं पडली आणि समोर चार, याचा अर्थ समोरच्या गावाचं नशीब थोर असा नसून तुमच्याकडे अशी घरं जास्त आहेत असा असण्याची शक्यता मोठी.

आता अशी म्हणजे कशी, तर आधी जागा बघा. आपल्या खान्देशातली जुनी गावं बघितली तर मूळ वस्ती पांढरीवर असते, उंचवट्यावर, गढी असली तर ती सगळ्यात वर. जुन्या लोकांना नदी माहीत होती. अडचण त्यानंतर आलेल्यांची. गाव वाढलं, वरची जागा संपली, मग जो शेवटी आला किंवा ज्याला वर कोणी जागा दिली नाही त्याला नदीकडची, नाल्याकडची उतरती जागा मिळाली. भिल्ल वस्ती कुठंय, दलित वस्ती कुठंय, बाहेरून आलेले सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेले शेतमजूर, कुठं राहतात हे बघा आणि मग पुराचं पाणी कुठपर्यंत आलं ती रेघ मनात काढा, दोन्ही बऱ्याच गावात एकमेकांवर बसतात. त्या लोकांना कळत नव्हतं म्हणून ते तिथं राहिले असं नाही, दुसरी जागाच नव्हती. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पूर ओसरला की गावात पहिलं वाक्य हेच येतं की यांना कोणी सांगितलं होतं नदीत घर बांधायला. आणि गंमत अशी की आता तालुक्याच्या गावी पैसेवालेही तेच करतात, जुना नाला बुजवून एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट पाडतात, वर बंगला बांधतात आणि पहिल्या मोठ्या पावसात पार्किंगमध्ये गाडी तरंगते. फरक एवढाच की त्यांच्याकडे विमा असतो आणि वरचा मजला असतो.

जागेसोबत पाण्याची वाटही बघा. कितीतरी ठिकाणी नदी तेवढीच असते पण तिची वाट आपण अडवलेली असते. रस्ता डांबरी करताना भराव टाकून उंच केला आणि खाली मोऱ्या बारीक ठेवल्या की तो रस्ता पावसाळ्यात बांध होतो, पाणी एका बाजूला तुंबतं आणि मग एकदम फुटतं. नदीपात्रात वेडी बाभूळ माजलेली असते, तिच्यात कडबा, प्लास्टिक, झाडांचे ओंडके अडकतात. गिरणाकाठी वाळूचा उपसा इतका झालाय की काठच ढासळतात, काठावरचं शेत तुकड्या-तुकड्याने नदीत जातं. तुमच्या आणि समोरच्या गावात फरक पडायला असं एखादं कारणही पुरेसं आहे. पूर कुठून गावात शिरला, नदीकडून समोरून की मागच्या नाल्याने, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा, बऱ्याचदा नदीला दोष जातो आणि पाणी मागून आलेलं असतं.

मग घर. आपल्याकडे धाब्याची घरं अजून खूप आहेत, मातीच्या भिंती, वर लाकडं, त्यावर माती, दरवर्षी वर खारी म्हणजे खारट माती टाकायची. उन्हाळ्यात त्यासारखं थंड घर नाही. पण पुराचं पाणी दोन फूट जरी भिंतीला लागून तासभर थांबलं की पाया विरघळतो, आणि पूर न येता नुसती पाच-सहा दिवसांची झड लागली तरी धाबं वरून भिजून जड होतं आणि बसतं. पूर्वी घरात चार माणसं असायची, खारी टाकायची, वळचण बघायची, आता मुलं सुरत-नाशिक-पुण्याला आणि घरात दोन म्हातारी, डागडुजी करणार कोण? म्हणून पडलेलं घर लिहिताना मी वय पण बघायचो, ज्यांची घरं पडली त्यात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाया किती हे बघा तुमच्या यादीत.

इथं एक गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर वाटेल की गरिबाचं घर प्रत्येक वेळी वाईटच. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, भूकंप म्हणून बघाल तर सहाच्या थोडा वर, जगाच्या हिशोबाने फार मोठा नाही, पण जवळपास दहा हजार माणसं गेली. मारलं ते जाड दगड-मातीच्या भिंतींनी आणि वरच्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या वजनाने, लोक झोपेत होते, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. तिथं कुडाच्या, छपराच्या झोपड्यांत राहणारे बरेच वाचले, वाडेवाले दबले. म्हणजे घर वाईट की चांगलं हे कशासमोर ते उभं आहे त्यावर ठरतं. आपल्या सातपुड्यात कुडाची घरं आहेत, ती भूकंपात लवचिक, वादळात कच्ची. पत्र्याचं घर पुरात भिंती टिकवेल पण मे महिन्यात भट्टी होतं. एकच एक उत्तर सगळ्या संकटाला चालत नाही, कोणी विकत असेल तर त्याच्याकडून घेऊ नका.

आता येतो मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटणाऱ्या मुद्द्यावर, सूचना. ३१ ऑगस्ट २०२१ आठवतो ना, तुमच्याच भागातला. कन्नड घाटाच्या डोंगरात रात्री तुफान पाऊस झाला, घाटात दरडी कोसळल्या, रस्ता बंद, आणि तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगाव शहरात आणि आजूबाजूच्या गावांमध्ये शिरलं. पोळा आठवड्यावर आला होता आणि कितीतरी गोठ्यांत बैलच उरले नाहीत, दावणीला बांधलेली ढोरं तशीच गेली. सोडायला कोणी गेलं नाही असं नाही, कळलं तेव्हा वेळच उरली नव्हती. अशा डोंगरी नद्यांचा हा स्वभाव आहे, लांबी कमी, उतार जास्त, वर पाऊस पडला की काही तासांत पाणी खाली. गावात तर पाऊसही नसतो कधी कधी. एका बाईने मला अहिराणीत सांगितलं होतं ते वाक्य डोक्यात बसलंय, "पानी उनं, पन आमले कोनी सांगंच नही." म्हणजे पाणी आलं, पण आम्हाला कोणी सांगितलंच नाही.

सूचना दिली नव्हती का, तर हल्ली बहुतेक वेळा दिलेली असते. ग्रुपवर मेसेज येतो, अमुक धरणातून इतके इतके क्युसेक्स (सेकंदाला तितके घनफूट पाणी) विसर्ग सुरू, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. हतनूरचं घ्या, एकेचाळीस दरवाजे आहेत, पावसाळ्यात किती दरवाजे किती मीटरने उघडले याचे मेसेज रोज फिरतात, तापीकाठचे लोक ते वाचतात आणि पुढे ढकलतात. पण वीस हजार क्युसेक्स म्हणजे माझ्या ओट्यापर्यंत पाणी की मारुतीच्या पायरीपर्यंत, हे कोणालाच माहीत नसेल तर त्या मेसेजचा उपयोग काय? आकडा गावाच्या खुणेत बसवला की तो मेसेज, नाहीतर ती नुसती बातमी. आणि जिथं वर धरणच नाही, दरवाजा नाही, तिथं क्युसेक्सचा मेसेजही येत नाही. तिथं वरच्या गावातला माणूस हेच तुमचं यंत्र. घाटाखालच्या दोन गावांत तुमच्या ओळखीचे चार जण हवेत जे रात्री दोन वाजता फोन करतील की भाऊ, इकडे पाणी पुलावरून चाललंय. फोन करायलाही आणि उचलायलाही माणूस पक्का हवा, आणि फोन उचलणाऱ्याने मंदिराचा भोंगा चालू करायचा. लाईट तेव्हा गेलेली असते हे गृहीत धरा, म्हणजे भोंगा बॅटरीवर हवा. मला विचाराल तर एका संरक्षक भिंतीच्या पैशात अशा शंभर गावांची सोय होते, पण भोंग्याचं उद्घाटन होत नाही ना.

ओडिशाचं उदाहरण लोक देतात ते उगाच नाही. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथं दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, २०१३ मध्ये फायलिन आलं तेही भयंकरच होतं, पण मृत्यू पन्नासच्या आत राहिले. समुद्र बदलला नाही, किनारा बदलला नाही, गरिबीही एका रात्रीत संपली नाही. सूचना शेवटच्या घरापर्यंत गेली, निवारे बांधलेले होते, लोकांना आधीच हलवलं. पिकं आणि घरं मात्र तेव्हाही गेलीच, हेही तितकंच खरं.

आता पूर ओसरल्यानंतरचं, इथं मी जास्त बोलणार, कारण हे माझंच क्षेत्र. लोकांना वाटतं नुकसान पुराच्या रात्री होतं. निम्मं नुकसान नंतरच्या सहा महिन्यांत होतं, कागदांमुळे. पंचनाम्याला आम्ही यायचो तेव्हा शेत सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याचं. जो निम्म्या वाट्याने करतोय, ज्याने बियाणं टाकलं, खत टाकलं, मजुरी केली, त्याचं नाव कुठंच नाही. मदत आली तर मालकाच्या खात्यात. चांगला मालक असला तर देतो, नसला तर नाही. सामाईक खातं असेल तर भाऊबंदांच्या सह्या, एक भाऊ सुरतला, एकाशी बोलणं नाही. घर बापाच्या नावावर, बाप वारून पंधरा वर्षं झाली, नमुना आठला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीत, वारसच लागलेला नाही. घर गायरानावर असेल तर आणखी वाद. ढोर मेलं तर पशुवैद्यकीय दाखला हवा, पोस्टमॉर्टेम हवं, कानात बिल्ला हवा, आणि वाहून गेलेल्या ढोराचं पोस्टमॉर्टेम कुठून आणायचं? मग पैसे मंजूर झाले तरी ई-केवायसी राहिली म्हणून अडकतात, म्हातारीच्या बोटाचे ठसे उमटत नाहीत. हे सगळं नियमाने होतं, कोणी दुष्ट असायची गरजच नाही. म्हणून माझ्या दृष्टीने वारस नोंद न लागलेलं घर हे नदीकाठच्या घराइतकंच धोक्यात असतं.

त्यात एक तांत्रिक भानगड आहे ती सदस्य म्हणून तुम्हाला माहीत पाहिजे. अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात (काही गावांचा मिळून एक गट) चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असलं तर मदत. पर्जन्यमापक मंडळाच्या ठिकाणी. पाऊस पडला डोंगरात, दुसऱ्या मंडळात, कधी तर दुसऱ्या जिल्ह्यात, आणि पूर आला तुमच्याकडे. मग कागदावर तुमच्याकडे वीस मिलिमीटर. अशा वेळी पुराने झालेलं नुकसान असं स्पष्ट लिहून घ्यावं लागतं, फोटो, तारीख, पाण्याच्या खुणा यासकट. खरिपाच्या पीक विम्याला तर २०२४ पर्यंत ७२ तासांच्या आत कळवायचं असायचं, आणि त्या ७२ तासांत माणूस घरातला चिखल काढत असायचा. कोणी तरी एकाने गावातर्फे बसून सगळ्यांच्या तक्रारी टाकायच्या, हे आधी ठरलेलं असलं तर होतं, नाहीतर ज्याला मोबाइल चांगला येतो त्याच्याच होतात.

आणि मग उचल, म्हणजे कामाआधी घेतलेले पैसे. पूर ऑगस्टात येतो. कापूस गेला, शेळ्या गेल्या, घराची एक भिंत गेली. मदत दिवाळीपर्यंत येते किंवा येत नाही. सावकाराकडून घेतलं ते फेडायला सप्टेंबरात मुकादमाकडून ऊसतोडीची उचल घ्यायची, नेहमीपेक्षा जास्त, दिवाळी झाली की कोयता घेऊन बायकोपोरांसकट निघायचं. पोरांची शाळा तुटली, मार्च-एप्रिलला परत आले तेव्हा हातात फार काही नाही, घराची भिंत तशीच, आणि पुढे दोन महिन्यांत पाऊस. पुढच्या पुराला ते घर पहिल्यापेक्षा कच्चं असतं. हा फेरा मी डोळ्याने बघितलाय, आणि हाच तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. पूर दर वर्षी येत नाही, पण एका पुरातून सावरायला चार वर्षं लागत असतील आणि संकट दर दोन वर्षांनी येत असेल, मग ते पूर असो, दुष्काळ असो की बोंडअळी, तर ते घर कधीच वर येणार नाही. ज्याच्याकडे दोन म्हशी, एक नोकरीवाला मुलगा आणि सोसायटीत पत आहे तो एका हंगामात उभा राहतो. नदी दोघांच्या घरात सारखीच शिरली होती.

बाकीच्या संकटांचं थोडक्यात सांगतो, तत्त्व तेच आहे. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जाणं आपल्याला नवीन नाही, लोक त्याचा अभिमानही बाळगतात, पण उष्माघाताने जातो तो दुपारी बाराला वीटभट्टीवर किंवा रस्त्याच्या कामावर असलेला, नाहीतर पत्र्याखाली एकटा झोपलेला म्हातारा. अहमदाबादने २०१० च्या उन्हाळ्यात माणसं गमावल्यावर २०१३ मध्ये उष्णतेचा आराखडा केला, त्यात कामाच्या वेळा, पाणी, दवाखान्यांची तयारी असल्याच साध्या गोष्टी आहेत. धडगाव-अक्कलकुव्याकडे पाडे इतके विखुरलेले की पाऊस साधारण असला तरी ओढा भरला की पाडा तुटतो, बाळंतीण झोळीत घालून डोंगर उतरवायची, तिथं संकट पावसाचं कमी आणि रस्त्याचं जास्त. आणि रावेर-यावलचा केळीवाला श्रीमंत म्हणून सुरक्षित असं समजू नका, पाच बाय पाचवर लावली तर एकरात सतराशेच्या वर खोडं, टिश्यूकल्चरची रोपं, ठिबक, खत, सगळं कर्जावर, आणि मे-जूनमध्ये अर्ध्या तासाचं वादळ बाग आडवी करतं. तो उपाशी मरणार नाही, पण सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवल्याची किंमत मोजतो. वीज पडून जाणारे तर बहुतेक शेतात असतात, बरेच झाडाखाली थांबलेले, त्यांच्यासाठी विजेची आगाऊ सूचना देणारं दामिनी ॲप आहे, पण सालदाराकडे साधा फोन.

दुष्काळात आपण जुनं काही शिकलेलो आहोत हे विसरू नका. १९७२ ला अन्न नव्हतं, पाणी नव्हतं, तरी राज्यात मोठ्या संख्येने लोक भुकेने गेले नाहीत, कारण कामं निघाली, खडी फोडायची कामं, बंडिंग, मजुरी हातात येत होती. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा झाला १९७७ ला. म्हणजे पाऊस तितकाच कमी, पण हातात मजुरी आहे की नाही यावर सगळं फिरलं. धुळ्याकडे पांझरेवर जुनी फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे, पाणी कमी असलं तर कोणता फड, म्हणजे पाटाखालच्या जमिनीचा कोणता भाग, भिजवायचा आणि कोणता पडीक ठेवायचा हे सगळे मिळून ठरवणार, पाटकरी वाटप करणार, त्यामुळे तोटा झाला तरी तो एकट्यावर पडत नसे. साक्री तालुक्यात बारीपाड्याने जंगल स्वतः राखलं, तोडीला दंड लावला, पाणी टिकलं, चैत्राम पवारांना त्यासाठी २०२५ ला पद्मश्री जाहीर झाली. तिथंही निसर्ग वेगळा नाही, लोकांनी मिळून ठरवलं आणि ते पाळलं हा फरक. तुमच्या समोरच्या गावाबद्दल मला ही एक शंका आहे, त्यांच्यात रात्री कोणी तरी दारं वाजवत फिरलं असेल. विचारून बघा.

आता भिंत. मागू नका असं म्हणत नाही. काठ कापला जात असेल, दरवर्षी चार-पाच फूट जमीन जात असेल तर भिंत किंवा जाळीतली दगडी पिचिंग (काठाला दगडांचं अस्तर) लागेलच. पण पूर अडवायला म्हणून भिंत मागत असाल तर तीन गोष्टी इंजिनियरला समोर बसवून विचारा. भिंतीमुळे वळलेलं पाणी कोणाकडे जाणार, समोरच्या गावात का? गावातलं पावसाचं पाणी आणि मागचा नाला भिंतीच्या आत अडकून बसणार नाही ना, त्याला बाहेर काढायची दारं कुठं? आणि भिंत कोणत्या पुराच्या हिशोबाने, पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या निळ्या रेषेच्या की शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या लाल रेषेच्या? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट मिळालं नाही तर थांबा. कारण भिंत झाली की पाच वर्षांत तिला टेकून घरं होतात, जागा आता सेफ झाली म्हणून, आणि मग भिंतीवरून पाणी आलं तर आधीच्या दुप्पट घरं त्यात सापडतात.

मी तुमच्या जागी असतो तर पहिला महिना एक रुपया खर्च न करता घालवला असता. गावातली दोन म्हातारी, आशाताई, पोलीस पाटील, कोतवाल आणि नदीकडच्या वस्तीतल्या दोन बाया, एवढे घेऊन गावात फिरायचं आणि मागच्या पुराची रेघ ऑईलपेंटने भिंतींवर मारायची, तारखेसकट. मग त्या रेघेखालच्या प्रत्येक घराची वही: कोण राहतं, कोण चालू शकत नाही, गरोदर कोण, फोन आहे का, ढोरं किती आणि ती रात्री कोण सोडणार, घर कोणाच्या नावावर, वारस लागला का, सातबारा कोणाचा आणि कसतो कोण. बाया सोबत हव्यातच, आपण पुरुष गेलो तर घरोघर सगळं बरं आहे असंच ऐकायला मिळतं. मग तलाठ्याला गाठून शेताच्या वारस नोंदी आणि ग्रामपंचायतीतून घरांचे नमुना आठ लावून घ्या, हे कंटाळवाणं काम आहे, फोटोत येत नाही, पण पुढच्या वेळी सगळ्यात जास्त पैसे याच कामाने घरात येतील. वरच्या गावातले चार फोन नंबर आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे शाळेच्या, मंदिराच्या भिंतीवर. शाळा उंचावर असेल तर किल्ली कोणाकडे हे ठरवा, रात्री हेडमास्तर तालुक्याला असतो. मोऱ्या आणि नाल्यातली बाभूळ हे मेमध्येच.

जागा बदलायचा प्रश्न अवघड आहे, तो लगेच काढू नका. नदीकडच्या वस्तीला हलवा म्हटलं की त्यांना वाटतं आपली जागा काढून घेताहेत, आणि बऱ्याचदा ते बरोबरही असतं. आधी गायरानात उंचावर जागा कुठं मिळते, तिचं नाव त्यांच्यावर लागतं का, पाणी-लाईट आहे का, मजुरीला जायचं अंतर किती वाढतं हे सगळं हातात घेऊन मगच त्यांच्याशी बोला, आणि त्यांच्याच वस्तीत जाऊन बोला.

हे सगळं ग्रामसभेत मांडायचं असेल तर एक मेच्या सभेत मांडा. पंधरा ऑगस्टला मांडलंत तर निम्मा पावसाळा गेलेला असेल. वही भरून झाली की त्यातलं काय निघालं ते इथंच लिहा, विशेषतः पाणी नदीकडून आलं की मागच्या नाल्याने ते, मग भिंतीच्या अर्जात काय लिहायचं ते बघू.